नेऱ्यातील इंजिन आणि बचत गटाचे वीस हजार

वाचकहो, प्रवासाचा लेख म्हटला की लेणी, किल्ला किंवा समुद्रकिनारा यांचे वर्णन येणार असे आपण धरून चालतो. आम्ही या वेळी आपणांस पनवेल तालुक्यातील नेरे गावी, रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेणार आहोत. तेथे आम्ही गेल्या हिवाळ्यात दोन शनिवार-रविवार काढले. पाहिले काय, तर तीन सिलिंडरचे एक झिजलेले इंजिन. परंतु त्या इंजिनावर आमच्या ताईच्या घराची चूल अवलंबून होती आणि ते नीट करण्यासाठी दहा बायकांच्या बचतीतून वीस हजार रुपये उचलले होते. म्हणून ही हकिकत चार लोकांना सांगावी असे वाटले.

नेऱ्याची वाट

कुर्ल्याहून हार्बर गाडीने पनवेलला उतरावे. नवीन पनवेलच्या बाजूने बाहेर पडले की सुकापूर, आकुर्ली करीत नेऱ्याला जाणारा रस्ता लागतो. एस.टी. जाते, शेअर रिक्षाही मिळतात. अंतर सात-आठ किलोमीटरचे. समोर माथेरानची डोंगररांग उभी असते आणि तिच्या उजव्या अंगाला प्रबळगड व कलावंतीणचा सुळका दिसतो. गाढी नदी या डोंगरांतूनच उतरते, नेऱ्याजवळून वाहते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. नदीच्या वरच्या अंगाला पनवेल शहराला पाणी पुरवणारे देहरंग धरण आहे. कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन नेऱ्यालाच आहे, आणि मुंबईतल्या कित्येकांना हे गाव शांतिवनामुळेच ठाऊक असते.

ताईचे लग्न होऊन ती या गावी आली तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या वेळी आकुर्लीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरे होती. आता त्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. नव्या विमानतळाभोवतालचे नैना क्षेत्र 2013 साली जाहीर झाले, तेव्हापासून या बाजूला बांधकाम वाढतच गेले. डंपर खडी-माती घेऊन जातात आणि त्यांच्या मागे धुळीचा लोट उठतो. ही धूळ वाचकांनी लक्षात ठेवावी. आमच्या हकिकतीतला खरा गुन्हेगार तीच आहे.

बांधकाम आले तसे मजूर आले, आणि मजुरांना जेवण लागते. ताईने खानावळ घातली. रोज साठ डबे. ते नेण्यासाठी भावोजींनी 2013 सालची एक जुनी ओम्नी घेतली. मारुतीची ही व्हॅन 1984 साली बाजारात आली आणि 2019 साली तिचे उत्पादन बंद झाले. पण रस्त्यावर ती अजून पुष्कळ दिसते आणि तिचे सुटे भाग पनवेलमध्ये सहज मिळतात. जुन्या गाडीवर पैसे घालण्यापूर्वी हा विचार आधी करावा लागतो.

निळा धूर

दिवाळीनंतर ताईचा फोन आला. "अरे, गाडी धूर सोडते. आठवड्याला लिटरभर ऑइल पिते. चढावर डबे घेऊन चढतच नाही. भावोजी म्हणतात, विकून टाकू."

आम्ही विचारले, धूर कोणत्या रंगाचा? भावोजी म्हणाले, निळसर. काळा धूर असला तर पेट्रोल जास्त जळते आहे असे समजावे. पांढरा धूर सतत येत असेल तर बहुधा पाणी आत शिरते आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. एवढे आम्हांलाही ठाऊक होते.

विशेष म्हणजे दीड वर्षापूर्वीच एका गॅरेजमध्ये नऊ हजार रुपये देऊन या इंजिनात नवीन रिंगा टाकल्या होत्या. आठ महिने बरे गेले आणि पुन्हा तीच रड. आता एका ठिकाणी 'फुल इंजिन' कामाचे अडतीस हजार सांगितले. भंगारवाला आला आणि अठरा हजारांना मागून गेला. धंदा चालू ठेवायचा तर गाडी हवी, आणि दुसरी गाडी घ्यायची तर मोठे कर्ज हवे. आमची भाची त्या वेळी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचे शिक्षण मध्येच थांबवावे लागते की काय, ही भीती ताईच्या बोलण्यात होती. तिने ती उघड सांगितली नाही.

ताईच्या महिला बचत गटाने महिना शेकडा दोन व्याजाने वीस हजार देण्याचे कबूल केले. अट एकच घातली. प्रत्येक पावती बैठकीत दाखवायची. आम्ही पडलो कारकून आणि बी.कॉम. झालेले, तेव्हा हिशेबाची वही आमच्याकडे आली.

आधी तपासणी

शेडमधले मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांची उमेदवारी मुंबईच्या टॅक्सी गॅरेजमध्ये झालेली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या पद्मिनी टॅक्सीचे 1089 सीसीचे इंजिन त्यांनी किती वेळा उघडले याला गणती नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेली. त्या गाड्या इतकी वर्षे धावल्या त्यात अशा मिस्त्रींचा हात मोठा. टॅक्सीवाल्याला रोजचे भाडे मारायचे असते, त्यामुळे कमी पैशात पण टिकाऊ काम करण्याची सवय या लोकांना लागली.

आम्ही खिशातून वही काढून म्हणालो, "मिस्त्री, काय काय बदलायचं ते सांगा, मी लिहून घेतो."

ते म्हणाले, "साहेब, जयभीम. वही ठेवा खिशात. अजून काही ठरलेलं नाही. आधी बघू तरी दे."

त्यांनी तिन्ही प्लग काढले आणि कॉम्प्रेशन गेज लावले. पहिल्या सिलिंडरमध्ये काटा 130 पौंडांवर थांबला, दुसऱ्यात 90 वर आणि तिसऱ्यात 125 वर. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. आता काटा 160, 140 आणि 155 वर गेला. याचा अर्थ त्यांनी भाचीलाच विचारला. ती म्हणाली, "ऑइलने रिंगेची फट बुजली म्हणून प्रेशर वाढलं. म्हणजे गळती रिंग-सिलिंडरकडून आहे. वॉल्व्ह गळत असते तर ऑइल टाकून एवढा फरक पडला नसता."

दहा मिनिटांची ही तपासणी. आधीच्या गॅरेजमध्ये ती झालीच नव्हती.

मग मिस्त्रींनी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टरची रबरी कड एका बाजूने फाटली होती आणि तिच्या पलीकडे, जेथे फक्त स्वच्छ हवा जायला हवी, तेथे पिवळट धुळीचा थर होता. त्यांनी तो बोटावर घेऊन आमच्या तळहातावर चोळला. पॉलिश पेपरसारखा लागला. डंपरची धूळ दोन वर्षे इंजिनात जात होती. नवीन रिंगा टाकल्या, पण धुळीची वाट तशीच उघडी राहिली. कारण शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती किती दिवस टिकणार?

कुकरची रिंग

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट काढून, सगळ्या जोडण्या सोडवून ते गाडीच्या खालच्या बाजूने उतरवावे लागते. या कामात दिवस गेला. प्रत्येक जोडणी सोडवण्यापूर्वी भाचीने मोबाइलवर फोटो काढला. ताईच्या खानावळीत मोडके डबे पडले होते. त्यांच्या कप्प्यांत भाचीने बोल्ट वेगवेगळे ठेवले आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. त्या डब्यांनी आमचे पैसे वाचवले असे आम्ही मानतो. हरवलेला एक बोल्ट शोधण्यात मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो आणि ती मजुरी आपल्याच खिशातून जाते.

रात्री हिशेब मांडताना आम्ही एक सूचना केली. सिलिंडर घासून, म्हणजे बोअरिंग करून, नवीन पिस्टन टाकायचे तर पाच हजारांच्या पुढे जाते. त्याऐवजी फक्त रिंगा बदलल्या तर निम्म्याहून अधिक पैसे वाचतील. कागदावर ही बचत चांगली दिसत होती.

भाची उठली आणि मोरीतून घासलेला मोठा कुकर घेऊन आली. त्याच्या तोंडाला एका ठिकाणी पोचा होता. "मामा, या कुकरला आईने नवीन रिंग टाकली. तरी वाफ जाते. का?"

ताई म्हणाली, "तोंडच वाकडं झालंय ना त्याचं."

"तसंच आहे. सिलिंडर गोल राहिला नसेल तर नवी रिंग काय करणार? मागच्या वेळी हेच झालं. आधी मोजू, मग बोला."

आम्ही गप्प बसलो. वीस वर्षे दुसऱ्यांची बिले तपासणारा माणूस न मोजता पैसे वाचवायला निघाला होता. एवढेच आमच्या बाबतीत म्हणता येईल.

अठरा आकडे

सोमवारी भावोजी आणि भाची इंजिनाचा ब्लॉक रिक्षातून पनवेलला लेथवाल्याकडे घेऊन गेले. भाचीने एका कागदावर तक्ता आखला होता. तीन सिलिंडर, प्रत्येकात वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागा, आणि प्रत्येक जागी उभे-आडवे असे दोन आकडे. एकूण अठरा आकडे. लेथवाल्याने बोअर गेज लावून ते सांगितले आणि तिने ते लिहिले.

या इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास 68.5 मिलिमीटर असतो. मधल्या सिलिंडरमध्ये वरच्या बाजूला 0.14 मिलिमीटर झीज निघाली, बाकीच्या दोहोंत साधारण 0.10. खालच्या बाजूला मात्र झीज जवळजवळ नव्हती. सिलिंडर वरच्या बाजूलाच जास्त का झिजतो? तेथे जळत्या वायूचा दाब रिंगेला भिंतीवर दाबतो, उष्णता सर्वांत जास्त असते आणि ऑइल सर्वांत कमी पोहोचते. त्यात धूळ मिसळली की काम झालेच. सिलिंडर अशा रीतीने वर रुंद आणि खाली अरुंद झाला की रिंग प्रत्येक फेरीला उघडझाप करते आणि ऑइल वर जाते.

मोजणीने खर्च वाढला तसा वाचलाही. क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग करावेच लागेल असे आम्ही धरून चाललो होतो. मायक्रोमीटर लावल्यावर क्रँक मापात निघाला. फक्त पॉलिश केले आणि मूळ मापाची नवी बेअरिंगे घातली. कॅमशाफ्ट ठीक, कनेक्टिंग रॉड सरळ, ऑइल पंप मापात. हे सगळे धुऊन परत बसवले. सिलिंडर मात्र 0.25 मिलिमीटरने वाढवून घ्यायचे ठरले. एवढी झीज असताना त्याला पर्याय नव्हता.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पिस्टन आधी घेऊन लेथवाल्याच्या हातात द्यावेत आणि ते मोजून त्यांच्या मापाने बोअरिंग करून घ्यावे. आधी बोअरिंग आणि मग बाजारात मिळेल तो पिस्टन, असे करू नये. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची असते.

स्वस्त कोठे, महाग कोठे

दुकानात एकाच वस्तूच्या तीन किमती असतात. हेड गॅसकेट अगदी निम्म्या दरातही मिळते. मिस्त्रींचा नियम सोपा होता. "जे बदलायला पुन्हा इंजिन खोलावं लागेल, ते चांगलं घ्यायचं. जे बाहेरून पाना लावून निघतं, तिथे हात आखडायचा." म्हणून पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट, ऑइल सील आणि टायमिंग बेल्ट नामांकित घेतले, पक्के बिल घेतले. अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर जुनेच ठेवले. रेडिएटर आतून साफ करून घेतला. वॉटर पंपाच्या दांड्याला खेळ होता, तेवढा बदलला. वॉल्व्ह जुनेच, पण मिस्त्रींनी ते पेस्ट लावून हाताने बैठकीवर घासले आणि वर पेट्रोल ओतून गळती नाही याची खात्री करून घेतली.

दुसऱ्या शनिवारी जोडणी सुरू झाली. लेथवरून आलेला ब्लॉक दिसायला चकचकीत होता, तरी भाचीने तो गरम पाणी आणि साबणाने तीन वेळा धुतला. आम्ही म्हणालो, डिझेलने धुतलाय ना? तिने पांढरा सुती कपडा आत फिरवून दाखवला. कपडा करडा झाला. होनिंगच्या दगडाची भुकटी भिंतीच्या बारीक रेघांत बसलेली असते आणि ती राहिली तर नवीन रिंगा पहिल्याच दिवशी खाते. कपडा पांढराच्या पांढरा बाहेर येईपर्यंत तिने धुणे थांबवले नाही. मग कोरडा करून लगेच ऑइल लावले, नाहीतर गंज धरतो.

प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजली. एका रिंगेची फट फारच कमी भरली. ती तशीच घातली असती तर गरम झाल्यावर टोके भिडून रिंग तुटली असती. मिस्त्रींनी कानशीने टोक अगदी हलके घासले. पिस्टनवर चढवताना रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत. बेअरिंगच्या टोप्या ज्या रॉडच्या त्याच रॉडला. हेडचे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टॉर्क पान्याने तीन टप्प्यांत आवळले. टायमिंगच्या खुणा दोघांनी वेगवेगळ्या तपासल्या.

रविवारी संध्याकाळी इंजिन गाडीत बसले. मिस्त्रींनी लगेच चालू केले नाही. स्पार्क आणि पेट्रोल बंद ठेवून थांबत थांबत स्टार्टर फिरवला. ऑइलचा लाल दिवा विझल्यावर, म्हणजे सगळीकडे ऑइल पोहोचल्यावरच, जोडण्या लावल्या. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन धरले. शेडमध्ये कोणी बोलत नव्हते. सायलेन्सरमधून प्रथम थोडा धूर आला. तो जोडणीच्या वेळच्या ऑइलचा. पाच मिनिटांत तो थांबला. ताई पदराने हात पुसत मागे जाऊन उभी राहिली, सायलेन्सरकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "निळा नाही ना रे?" नव्हता.

गाढीच्या काठाने

सोमवारी आम्ही कचेरीत रजा टाकली आणि गाडी रिकामीच देहरंग धरणाच्या दिशेने नेली. भाची चालवीत होती. नवीन इंजिन पहिले पाचशे किलोमीटर फार जोरात पळवू नये, ओझे भरू नये आणि वरच्या गिअरमध्ये गुदमरवूही नये. वेग कमी-जास्त करीत राहावे म्हणजे रिंगा भिंतीला नीट बसतात. एका बाजूला नदी, समोर डोंगर आणि रस्त्याला अधूनमधून रानभाज्या, काकड्या घेऊन बसलेल्या ठाकूर बाया. थंडीच्या दिवसांत ही वाट सुरेख असते. परंतु आमचे कान इंजिनाकडे होते. थांबून पाहिले तर एका ठिकाणी ऑइलचा थेंब. सीलजवळचा बोल्ट सैल होता, तो आवळला. मंगळवारी पुन्हा एक फेरी आणि कॉम्प्रेशनची तपासणी झाली. तिन्ही सिलिंडरचे आकडे सात पौंडांच्या आत आले. बुधवारी डबे गाडीतून गेले, पहिले काही दिवस निम्मे-निम्मे करून दोन फेऱ्यांत. पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदलला.

बचत गटाच्या बैठकीत वाचलेला हिशेब येथे देतो. पिस्टन-रिंग संच 3,600, बेअरिंगे 1,450, गॅसकेट व सील 1,700, टायमिंग बेल्ट व टेन्शनर 1,250, बोअरिंग, होनिंग व हेड फेसिंग 2,500, दोन वेळचे ऑइल, ऑइल व एअर फिल्टर आणि कूलंट 3,100, वॉटर पंप 950, मजुरी 5,500, डिझेल, रिक्षा व किरकोळ 650. एकूण 20,700 रुपये. वरचे सातशे ताईने घातले.

हिशेब येथे संपत नाही. मुद्दल दोन हजारांच्या दहा हप्त्यांत फेडायचे, त्यावर व्याज 2,200 होते. गाडी अकरा दिवस बंद होती. दोन रविवार वगळून नऊ दिवस डबे भाड्याने पाठवले, त्याचे रोज चारशेप्रमाणे 3,600. खरा खर्च 26,500. दुरुस्ती करायची की गाडी विकायची हे ठरवताना हा आकडा धरावा, आणि नोंदणी व फिटनेसची मुदत किती उरली तेही पाहावे. गाडीचा सांगाडा कुजलेला असेल किंवा ब्लॉकला तडा असेल तर भंगारवाल्याचे ऐकलेले बरे.

बैठकीत एका मावशींनी विचारले, "पुन्हा धूर आला तर?" भाचीने पिशवीतून फाटका एअर फिल्टर काढून सतरंजीवर ठेवला. हा पन्नास पावलांवरच्या दुकानात मिळतो, दर महिन्याला काढून पाहायचा, धुळीचे दिवस असले तर पंधरवड्याला, असे तिने सांगितले. मग तिने गाडीच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदाचा फोटो फिरवला. त्यावर तारखा आणि किलोमीटर लिहिले होते आणि प्रत्येक तारखेपुढे सहीसाठी जागा ठेवली होती.

हा लेख लिहीपर्यंत चार हप्ते वेळेवर गेले आहेत. त्या कागदावर आठ सह्या आहेत. त्यांतल्या तीन भावोजींच्या आणि पाच ताईच्या.